कुंचल्याला सनद कशाला?

साठी उलटल्यावर, कचेरीचे दप्तर दुसऱ्याच्या स्वाधीन करून आणि मुलाबाळांचे संसार मार्गी लावून, शाळेच्या दिवसांत कधीतरी खाली ठेवलेला कुंचला ज्यांनी पुन्हा उचलला आहे अशी माणसे आज मुंबई-पुण्यात आणि तालुक्याच्या गावांतही भेटतात. आणि त्यांच्याविषयी कलाक्षेत्रातील जाणत्या मंडळींत जो नापसंतीचा सूर निघतो, तो कधी उपहासाच्या तर कधी तात्त्विक गांभीर्याच्या रूपाने आपल्या कानांवर येत असतो. उपहासाला उत्तर देण्याचे प्रयोजन नाही. तात्त्विक आक्षेपाला मात्र उत्तर दिलेच पाहिजे, कारण तो घेणारी माणसे कलेवर मनापासून प्रेम करणारी आहेत, आणि प्रेमापोटी केलेली चूक ही द्वेषापोटी केलेल्या चुकीपेक्षा अधिक काळ टिकते. प्रतिपक्षाची कैफियत आधी पूर्ण ऐकावी आणि मगच आपले म्हणणे मांडावे, हा वादाचा जुना शिरस्ता आम्हीही पाळतो.

पूर्वपक्षाचे मुद्दे तीन आहेत. पहिला असा की, कला साधनेने सिद्ध होते; ज्याने तारुण्याची दहा-पंधरा वर्षे रेखांकनात झिजवली नाहीत, त्याच्या हातून उतारवयात ‘सहज’ म्हणून जे उतरते ते अज्ञानच होय, आणि ‘अंतःस्फूर्ती’ हे त्या अज्ञानाला दिलेले गोंडस नाव होय. दुसरा असा की, अशा निर्मितीला उत्तेजन दिल्याने समाजाची अभिरुची भ्रष्ट होते, दर्जाची चाड उरत नाही, आणि ज्याने आयुष्य पणाला लावले त्या व्यावसायिक कलावंताचा त्यात अवमान होतो. तिसरा असा की, रिकाम्या वेळेचा हा विरंगुळा आहे. त्याने घरात सुखेनैव नांदावे, परंतु कलेच्या दरबारात मानपानाची अपेक्षा धरू नये.

या आक्षेपांच्या मुळाशी एक खरे दुःख आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. ज्या समाजात चित्रकाराला ‘ते ठीक, पण पोटासाठी काय करता?’ असा प्रश्न अजूनही निःसंकोचपणे विचारला जातो, त्या समाजात निवृत्तिवेतनाच्या आधारावर कोणी महिन्याभरात वीस चित्रे रंगवावीत, भाड्याच्या दालनात ती टांगावीत आणि एखाद्या मान्यवराच्या हस्ते फीत कापवून घ्यावी, हे दृश्य पाहून खऱ्या साधकाच्या मनाला यातना होणारच. त्या उथळ सोहळ्यांचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. परंतु फिर्याद खरी असली तरी आरोपी चुकीचा पकडला गेला आहे. दोष प्रसिद्धीच्या घाईचा आहे, आणि ती घाई विशीतल्या पदवीधरालाही तितकीच असते. शिक्षा मात्र फर्मावली जात आहे ती उशिरा जाग्या झालेल्या निर्मितीच्या इच्छेला. आमचे म्हणणे एवढेच आहे की, दर्जा हे झालेल्या कृतीचे मोजमाप आहे, कृती करण्याची पूर्वअट नव्हे. आणि या दोहोंची गल्लत झाली की रसिकतेचे रूपांतर मक्तेदारीत होते.

साधनेचा मुद्दा सर्वांत वजनदार असल्याने त्याचा परामर्श आधी घेऊ. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०० साली, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, जगदीशचंद्र बसूंना लिहिलेल्या पत्रात आपण चित्रे काढू लागल्याची बातमी दिली आहे, आणि आपल्या हाती पेन्सिलीपेक्षा रबरच अधिक चालते अशी स्वतःची थट्टाही केली आहे. हा मनुष्य काही कलेच्या वाऱ्यापासून दूर राहणारा नव्हता. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे त्यांचे पुतणे, म्हणजे त्या काळच्या बंगालमधील चित्रकलेचे धुरीणच, ठाकूर घराण्याच्या त्याच जोडासांकोच्या परिसरात वावरत होते. पुढे १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन उभे राहिले आणि नंदलाल बसूंसारखा आचार्य तेथे लाभला. शिकण्याची इतकी साधने हात जोडून उभी असताना रवींद्रनाथांच्या हातून चित्र म्हणावे असे काही त्या वीस-पंचवीस वर्षांत झाले नाही. ते झाले १९२४ च्या सुमारास, ‘पूरबी’च्या हस्तलिखितात, कवितेतील खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता, त्या खाडाखोडीतून चोची, नखे, विचित्र श्वापदे आणि मुखवटे उमटू लागले, आणि अर्जेंटिनात त्यांचे आतिथ्य करणाऱ्या व्हिक्टोरिया ओकाम्पो यांची दृष्टी त्यांवर खिळली. १९३० च्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल दालनात त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांना एकोणसत्तर वर्षे पूर्ण होत होती. त्याच वर्षी ती चित्रे बर्लिन, मॉस्को आणि न्यूयॉर्कपर्यंत पोचली, आणि १९४१ साली देह ठेवीपर्यंत त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रे झाली.

१९०० आणि १९२४ या दोन सालांच्या दरम्यान रवींद्रनाथांनी रेखांकनाचा कोणताही अभ्यासक्रम पुरा केला नव्हता. बदलले होते ते चुकीशी असलेले नाते. रबर चूक पुसून टाकते आणि कागद पुन्हा कोरा करून ठेवते. खाडाखोडीने मात्र चुकीलाच आकार दिला, आणि तो आकार पुढच्या रेषेला वाट दाखवू लागला. ‘बरोबर’ काढण्याच्या धाकाने जे चाळिशीत कोंडले गेले होते, ते धाक सुटताच साठीनंतर वाहू लागले. शिवाय, वर्षाला शेकडो चित्रे काढणाऱ्या या वृद्धाला आळशी किंवा छांदिष्ट कोण म्हणेल? सहजता आणि साधना यांत वैर आहे ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. सहजतेने आरंभ झालेल्या कामातही साधना होते, किंबहुना जे सहज सुचते तेच मनुष्य रोज उठून करतो.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, रवींद्रनाथ हे अलौकिक प्रतिभेचे धनी. त्यांच्या उदाहरणावरून सामान्य मनुष्याचा दावा सिद्ध होत नाही. हरकत रास्त आहे, म्हणून ज्यांच्या पाठीशी ना कीर्ती होती ना कुळ, अशांकडे वळू. आंरी रूसो हा पॅरिसच्या जकात खात्यातील एक क्षुल्लक कारकून. चाळिशीच्या आसपास तो रंगवू लागला, आणि लूव्रच्या संग्रहालयातील चित्रांच्या नकला करण्याचा परवाना त्याने १८८४ साली मिळवला. म्हणजे त्याच्या परीने तोही शिकतच होता. १८८६ पासून त्याची चित्रे ‘स्वतंत्र कलावंतां’च्या वार्षिक प्रदर्शनात लागू लागली. या प्रदर्शनाचा नियमच असा होता की तेथे निवड समिती नाही आणि पारितोषिकही नाही. लोक त्याच्या चित्रांपुढे पोट धरून हसत. १८९३ साली त्याने जकातीची नोकरी सोडली व उरलेले आयुष्य चित्रांना वाहिले. आणि १९०८ साली तरुण पिकासोने आपल्या चित्रशाळेत त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली, तेव्हा या थट्टेच्या विषयाकडे नवे चित्रकार कोणत्या नजरेने पाहू लागले होते, हे उघड झाले. आता प्रश्न असा की, दारावर निवड समिती असती तर? अमेरिकेतील ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस ही शेतकरी स्त्री भरतकाम करीत असे. संधिवाताने सुई धरणे अवघड झाले म्हणून सत्तरी उलटल्यावर तिने कुंचला धरला, गावच्या औषधाच्या दुकानात ठेवलेली तिची चित्रे १९३८ साली एका संग्राहकाच्या नजरेस पडली, आणि १९४० साली न्यूयॉर्कमध्ये तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरले तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती.

या उदाहरणांवरून प्रत्येक निवृत्त कारकून रूसो होईल असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. तसा काढणे हास्यास्पद होईल. आमचा निष्कर्ष निराळा आहे. कोण काय होईल हे आरंभी कोणालाच सांगता येत नाही. १९०० साली रवींद्रनाथांची वही परीक्षकापुढे ठेवली असती तर त्याने ती सद्भावनेनेच परत केली असती, आणि त्या क्षणापुरता त्याचा निर्णय बरोबरही ठरला असता. ज्या गोष्टीचा निवाडा कृती झाल्यावरच होऊ शकतो, तिचा निवाडा कृतीपूर्वी करू पाहणे हा न्याय नव्हे. तो पंचनाम्याआधी दिलेला निकाल होय.

साधनेविषयी आणखी एक बोलणे प्राप्त आहे. साधनेची नोंद जर कला महाविद्यालयाच्या दप्तरातच शोधायची ठरली, तर या देशातील बहुतेक साधना बेनोंद राहील. जी स्त्री चाळीस वर्षे रोज उंबऱ्यापुढे रांगोळी घालते, जुनेराच्या तुकड्यांची रंगसंगती जुळवीत गोधडी शिवते, तिच्या हाताला प्रमाण, लय आणि रिकाम्या जागेचे भान आलेले नसते असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? डहाणू-तलासरीच्या वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत आल्या, आणि त्यांना कोणी चित्रकार म्हटले नाही. मध्य प्रदेशातील उमरिया जिल्ह्यातल्या लोढा गावच्या जोधइया बाई बैगा यांचे आयुष्य मजुरीत आणि जंगलातून सरपण आणण्यात गेले. सत्तरीच्या आसपास, शांतिनिकेतनात शिकून आलेले चित्रकार आशिष स्वामी यांच्या चित्रशाळेत त्यांनी प्रथम रंग हाती घेतला. त्यांच्या चित्रांतील वाघ, मोहाची झाडे आणि बैगांची दैवते यांचा अभ्यास त्यांनी कोणत्या वर्गात केला? जंगलात, डोक्यावर मोळी घेऊन. २०१९ साली त्यांची चित्रे इटलीतील मिलान शहरात प्रदर्शित झाली, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हात उशिरा लागला असेल. डोळा जन्मभर काम करीत होता.

आता दर्जाचा मुद्दा. अनेकांनी अपुऱ्या तयारीने एखादी कला केल्याने ती कला खालावते, हा सिद्धांत आमच्याच महाराष्ट्रात दोन वेळा खोटा पडला आहे. गावोगावच्या भजनी मंडळांत गळा असलेले आणि नसलेले शेकडो लोक पिढ्यान्‌पिढ्या अभंग गात आले. त्यामुळे अभिजात संगीताचा ऱ्हास झाला असे कोणी म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. उलट, स्वतः गाऊन पाहिल्याने ज्यांचे कान तयार झाले, असा श्रोतृवर्ग त्या संगीताला येथे लाभला. नाटकाचे तेच. बँका, रेल्वे, पोस्ट आणि गिरण्यांत नोकरी करून रात्री तालमी करणाऱ्या हौशी मंडळींनी या प्रांतात जी रंगभूमी जागती ठेवली, तिने व्यावसायिक रंगभूमीला नट आणि लेखक पुरवले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रेक्षक पुरवला. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी तो व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली. तोवरचे त्यांचे नाटक हौशीच होते. चित्रकलेला मात्र असा हौशी तळ आपण कधी उभारू दिला नाही. परिणाम काय झाला? गाण्याच्या मैफलीत चुकलेला सूर ओळखणारा मराठी मनुष्य चित्रापुढे उभा राहिला की ‘हे कशाचे आहे?’ याच्या पलीकडे प्रश्न विचारू शकत नाही. व्यावसायिक चित्रकाराची जी उपेक्षा प्रतिपक्षाला बोचते, तिचे एक मोठे कारण हेच आहे. ज्याने स्वतः कधी निळ्याशेजारी पिवळा ठेवून पाहिला नाही, त्याला दुसऱ्याने तो का ठेवला याचे कुतूहल कोठून असणार?

हा तळ कोठे नाहीसा होतो, तेही पाहू. पाच वर्षांचे मूल भिंतीवर, पाटीवर, वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढते आणि आपल्याला चित्र येते की नाही हा प्रश्न त्याला पडत नाही. मग शाळा येते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशी खाती पडतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांच्या श्रेणी लागतात, आणि अलीकडे तर त्या श्रेणींचे दहावीच्या गुणांत रूपांतर होत असल्याने चित्रकलेचा जमाखर्च थेट गुणपत्रिकेत मांडला जातो. त्या परीक्षांनी अनेक गुणी मुलांना वाट दाखवली हे खरे. परंतु त्याच वेळी वर्गातील बहुसंख्य मुलांना ‘तुला चित्रकला येत नाही’ असा दाखलाही मिळाला, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी मिळालेला तो दाखला ती पुढे जन्मभर खिशात बाळगतात. साठीनंतर कुंचला उचलणारा मनुष्य नवे काही मागत नाही. आपली जप्त झालेली मालमत्ता तो परत मागतो आहे. सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत १९४४ पासून शांतिनिकेतनचे देवीप्रसाद कला शिकवीत होते. कला हाच शिक्षणाचा पाया असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि ते प्रतिपादन वर्ध्याच्या मातीत सूतकताईच्या बरोबरीने राबवले जात होते. तेव्हा हा विचार परदेशी फॅशन म्हणून झटकून टाकण्याची सोयही प्रतिपक्षाला नाही.

शेवटचा प्रश्न उत्तेजनाचा. येथे आमच्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावणे आवश्यक आहे, कारण उत्तेजन म्हणजे वाहवा, अशी समजूत करून घेऊन त्यांनीच आपला पक्ष दुर्बळ केला आहे. प्रत्येक चित्रापुढे ‘फारच सुंदर’ म्हणणारा मनुष्य चित्राकडे पाहत नसतो. तो चित्र काढणाऱ्याच्या वयाकडे पाहत असतो, आणि हा दयाभाव तिरस्काराचाच सौम्य प्रकार होय. खरे उत्तेजन कसे असते? १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधील मिथिलेत, पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाने एका चित्रकाराला पाठवले. ते मुंबईचे भास्कर कुलकर्णी. भिंतीवर चित्रे लिहिणाऱ्या स्त्रियांना त्यांनी कागद दिला, आणि त्यांची रेषा त्यांच्यापाशीच राहू दिली. कला महाविद्यालयात शिकलेल्या मनुष्याला दुसऱ्याची रेषा सुधारण्याचा मोह आवरणे किती कठीण, हे शिकलेल्यांनाच कळेल. त्या स्त्रियांपैकी गंगादेवींनी पुढे पारंपरिक कोहबराच्या, म्हणजे लग्नघरातील भित्तिचित्रांच्या, पलीकडे जाऊन, पन्नाशी उलटल्यावर, आपली अमेरिकेची यात्रा आणि आपल्याला झालेला कर्करोग या विषयांवर चित्रमालिका रंगवल्या. इस्पितळातील खाट आणि उपचार यांना मिथिलेच्या रेषेत स्थान मिळाले. याच कुलकर्ण्यांनी पुढे डहाणूकडच्या वारली पाड्यांत कागद नेला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी स्त्रियांची ती परंपरा लग्नाच्या चौकाबाहेर आणून जगापुढे ठेवली. साधन देणे, वेळ देणे, लक्षपूर्वक पाहणे, आणि विचारल्याखेरीज दुरुस्ती न करणे, एवढ्या चार गोष्टींत उत्तेजनाचे सारे शास्त्र येते. त्यांत खोट्या स्तुतीला जागा नाही आणि दर्जाला धोकाही नाही.

विरंगुळ्याच्या आक्षेपाला यातच उत्तर मिळते. ज्याला विरंगुळा म्हणून हिणवले जाते, त्यातून कोणाच्या हाती कला येईल आणि कोणाच्या हाती केवळ समाधान, हे काळ ठरवील; आणि केवळ समाधान आले तरी तो मनुष्य दुसऱ्याचे चित्र पाहायला पूर्वीपेक्षा अधिक तयार होऊनच परतेल. दरबारातील मानपान ज्याने मागितले त्याच्या कृतीची खुशाल कठोर चिकित्सा करावी. प्रदर्शन मांडणाऱ्याला वयाची सवलत देऊ नये, आणि त्यानेही ती मागू नये. परंतु जो स्वतःच्या घरात, स्वतःच्या कागदावर, पन्नास वर्षांनी पुन्हा एक रेषा ओढून पाहतो आहे, त्याला अडवण्याचा अधिकार कोणत्याही जाणत्याला, कोणत्याही संस्थेला, कोणत्याही साधनेने प्राप्त होत नाही, हा आमचा निवाडा आहे.

व्यावसायिक चित्रकारांना आमची विनंती आहे की, त्यांनी या उशिरा आलेल्यांकडे प्रतिस्पर्धी म्हणून न पाहता आपला भावी प्रेक्षक म्हणून पाहावे, आणि महिन्यातून एखादी संध्याकाळ त्यांच्यात बसून काम करावे. कुटुंबीयांना विनंती आहे की, चित्र विकले जाईल का, आणि ते कशाचे आहे, हे दोन प्रश्न त्यांनी घरात बंद करावेत. आणि ज्या वाचकाच्या घरी आई, वडील, सासूबाई किंवा काका कधीतरी ‘मलाही लहानपणी चित्रे काढायला आवडत असे’ असे बोलून गेले असतील, त्याने या आठवड्यात बाजारातून चांगला जाड कागद आणि रंग आणून त्यांच्यापुढे ठेवावेत, आणि त्यांनी विचारीपर्यंत आपले मत स्वतःपाशी ठेवावे.